घरखर्च आबांच्या हाती

माझा नवरा गेला तेव्हा घर कसं चालतं हे मला ठाऊकच नव्हतं. ते धडगावच्या सरकारी कार्यालयात कारकून होते. पगार झाला की शहाद्याला घरी येत आणि जे लागेल ते देत. कधी लिहून ठेवलं नाही, कधी मोजून दाखवलं नाही. दुधाचे किती, लाइटबिल कोणत्या तारखेला, पोरीच्या कॉलेजची फी कुठून काढायची, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. एका सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

काही महिन्यांनी मला अनुकंपा तत्त्वावर त्याच कार्यालयात नोकरी मिळाली. मुलगी नाशिकला वसतिगृहात होती. शहाद्याच्या घरात सासरे, म्हणजे आबा, एकटेच उरले. मी धडगावला एक खोली घेतली. सोमवारी पहाटे जीपने घाट चढायचा, शनिवारी उतरायचा. एका पगारात आता तीन चुली होत्या.

पहिला पगार हातात आला आणि मी घाबरले. शेजारच्या खोलीत नवापूरकडची एक नर्स राहत होती. ती म्हणाली, "ताई, पाकिटं करा. किराणा, दूध, औषध, प्रत्येकाचं वेगळं. पाकीट रिकामं झालं की खर्च बंद." मुलगी फोनवर हसली. "आई, पाकिटं कोण सांभाळतं आता? मी तुला ॲप टाकून देते." तिने फोनमध्ये रकाने पाडून दिले. प्रत्येक रकान्यात महिन्याची रक्कम. खर्च टाकला की आकडा कमी होतो, जास्त झाला तर लाल होतो.

मला ते आवडलं. धडगावात रेंज असेल तेव्हा मी खोलीबाहेरच्या ओट्यावर बसून दिवसाचा खर्च टाकत असे. शनिवारी घरी गेले की किराणा, भाजी, गॅस सगळं मीच आणून ठेवायची. आबांना बाजारात जायची गरज पडू नये, असं मला वाटायचं. त्यांचं शिंपीकाम मोतीबिंदूनंतर सुटलं होतं, दुकान बंद होतं. त्यांच्याकडे साधा बटनांचा फोन. रकाने त्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता.

गोळ्या संपल्या की आबा सांगतील, असं मी धरून चालले होते. औषधाचा रकाना दर महिन्याला शिल्लक दाखवायचा. मी ती शिल्लक मुलीच्या मेसकडे वळवायची आणि मनात म्हणायची, चला, जमतंय आपल्याला.

एका शनिवारी मी अमृतांजन घ्यायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये थांबले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, आबा कुठे गावाला गेले का? बऱ्याच दिवसांत बीपीच्या गोळ्या नेल्या नाहीत."

घरी आले. आबा दाराशी खुर्चीवर बसले होते. पायांवर सूज होती. ती मला आधीच्या शनिवारीही दिसली असणार, पण मी पिशव्या रिकाम्या करण्यात होते.

"आबा, गोळ्या लेतस ना तुम्ही?" मी आमच्या अहिराणीत विचारलं.

"लेस ना."

"रोज?"

"एक दिन आड. तब्येत बरी शे मन्ही."

"सरी गयात तं माले सांगनं व्हतं."

त्यांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर ओढला. मग म्हणाले, "पोऱ्याकडे मांगाले काही वाटे नही बेटा. तो मन्हा व्हता. तू घाट चढीसन नोकरी करस. त्यामाईन मी काय मांगू?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सुरू करून उभी राहिले. नवरा गेल्यावर मी पुष्कळ रडले होते, पण हे रडणं वेगळं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेऊन घर चालवलं, तो माझ्या घरात गोळी वाचवत होता. आणि फोनमध्ये सगळे आकडे बरोबर होते.

त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या दिवशी नर्सचं ऐकलं. पाकिटं केली, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कपाटात ठेवली आणि म्हटलं, "लागीन ते ल्या, इचारानं नही." पुढच्या शनिवारी पाकिटं जशीच्या तशी. गोळ्या मी आणून ठेवल्या होत्या म्हणून घेतल्या होत्या, पण चहाच्या टपरीवर ते एकदाही गेले नव्हते, केस वाढले होते.

"काबर नही लिन्हात?" मी विचारलं.

"घरमा कोनी नही तव्हय कपाट उघाडाले माले चोरी करासारखं वाटस."

सोमवारी जीपमध्ये दाटीत बसून घाट चढताना मी तेच घोळवत होते. पैसे मोबाइलमध्ये ठेवा नाहीतर कपाटात, ते माझेच राहत होते. आबांना द्यायचं तर देणारी मी उरता कामा नये.

पुढचा पगार झाला तेव्हा फी, खोलीचं भाडं आणि बँकेचा हप्ता मी माझ्याकडे ठेवला. घराचा सगळा वाटा एका रुमालात बांधून आबांच्या हातात दिला. "आबा, आतेपासून घर तुम्ही चालाडा. किराणा, दूध, लाइटबिल, तुम्हन्या गोळ्या. माले धडगावले आठ दिनना शिधा लागस, तोबी तुम्हीच भरा. हिशोब माले देवाना नही."

त्यांनी रुमाल लगेच घेतला नाही. "आन् चुकनं तं?"

"चुकू द्या."

आणि चुकलंही. दुसऱ्याच महिन्यात विसावी तारीख उलटायच्या आत त्यांनी मला सांगितलं, "पैसा सरी गयात, बेटा." जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी लग्न होतं, तिथे आबांनी आहेर जरा सढळ केला होता. माझ्या जिभेवर शब्द आले होते, ते मी गिळले. उरलेला महिना आम्ही कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर आणि ठेच्यावर काढला. मुलगी फोनवर चिडली, "आई, ही काय पद्धत झाली?" मी म्हटलं, "हीच आहे आता."

हळूहळू त्यांचा हात बसला. ते सकाळी स्वतः भाजीबाजारात जाऊ लागले. मेडिकलवाल्याशी गोळ्यांच्या किमतीवरून वाद घालू लागले. पायांची सूज उतरली. शनिवारी मी आले की आम्ही पुढच्या महिन्याचं बोलत बसायचो. त्यात नवऱ्याचं नाव निघायचं. आधी आम्ही ते नाव घेतही नव्हतो.

अशाच एका शनिवारी त्यांनी मला माझ्या वाट्याचे खर्च विचारले. मी सांगत गेले. फी, मेस, भाडं, हप्ता, जीपचं भाडं.

"आन् तुन्हा?"

"मन्हा काय?"

"तुन्हा खर्च कोठे शे यामा?"

मी म्हटलं, "माले काय लागस, आबा?"

ते उठले, आत गेले, काही नोटा घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवल्या. त्यांच्या वाट्यातून मागे टाकलेल्या. "तो गया तव्हयपासून तू माहेरले गयी नही. जाई ये. चार दिन ऱ्हाय."

खरं होतं. आई फोनवर दर वेळी बोलवायची आणि मी खर्चाचं कारण सांगायची. खर्च हे कारण नव्हतं. मोकळं कपाळ घेऊन त्या दारात उभं राहायची मला भीती वाटत होती. हे मी कुणाला बोलले नव्हते, आबांनाही नाही.

मी नोटा घेतल्या. विसरवाडीच्या पुढे, रस्त्याला लागून माझं माहेर. बसमधून उतरले तेव्हा आई शेताच्या बांधावरून चालत येत होती, डोक्यावर चाऱ्याचा भारा होता. मला पाहून तिने भारा तिथेच खाली टाकला.