जावेच्या रेघा, माझ्या रेघा

मंडळी, आज दुपारी नात संख्याशास्त्राचा अभ्यास करत होती. दोन गटांची सरासरी सारखी असली तरी चढउतार वेगळा आहे का, हे कसं तपासतात ते मला सांगत होती.

म्हटलं, घे माझे आकडे. साठच्या दशकात तारकर्लीला आम्ही दोघी जावा शेजारी राहायचो. नवऱ्यांच्या होड्या वेगळ्या. माशांच्या प्रत्येक टोपलीमागे सासूबाई भिंतीवर कोळशाची रेघ ओढायच्या. एका आठवड्यात होड्या गेल्या त्या सहा दिवसांत जावेच्या दोन, दोन, तीन, दोन, तीन, दोन. आमच्या पाच, शून्य, शून्य, चार, शून्य, पाच. बेरीज दोन्हीकडे चौदाच.

सासूबाई म्हणायच्या, "दोघांकय सारखाच गावता, मगे तुझ्या पोटात कित्याक दुखता?"

नातीने गणित केलं. "आजी, सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून पाहिले, तर तुमचा चढउतार त्यांच्या पंचवीस पट. एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडत नाही."

सारखं नव्हतंच! साठ वर्षांनी मी खरी ठरले.

मग तिने विचारलं, "शून्याच्या दिवशी काय जेवायचीस?"

जावेने पाठवलेलं कालवण. आणि पाच टोपल्यांच्या दिवशी मी वाडीभर मासे वाटायचे, फक्त तिचं दार सोडून.

तिचं कालवण माझ्यापेक्षा चांगलं व्हायचं, हे नातीला सांगितलं नाही.

तुम्हाला कोणाचे आकडे असे तोंडपाठ आहेत?