सेफ्टी रेझर अन् जिवंत बाबा

आता हसायचं तर खुशाल हसा, पण मध्येच उठून जाऊ नका. माह्यासारखा शहाणा अख्ख्या मोताळ्यात दुसरा नाही, हे आज मी स्वतःच सांगतो.

तर मले सेफ्टी रेझरचं याड लागलं. तुम्ही लोक काय, फेस फासला, दोनदा ओढलं, पळाले कामावर! आमचं तसं नाही. गरम पाण्याचा टॉवेल, वाटीतल्या साबणावर ब्रश गोल गोल, मग दाढी, शेवटी तुरटी. पाऊण तास! बायको बाहेरून ओरडे, "अवो, दाढी करून राह्यले का अभिषेक?" बिचारीले कला कळत नाही, म्हणून मी माफ करत होतो.

पोरीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी साळा आला. म्हटलं, याले शिकवावं.

"हे पाय, पातं असं तिरपं धरायचं. हात सरावला की आरशाकडं पाहाची बी गरज नाही."

नाही पाह्यलं. उजवीकडची मिशी गेली!

"भाऊजी, हे बी शिकवण्यात येते काय?"

मग काय करता? डावी बी काढली. उन्हाळ्यापायी डोक्यावर आधीच बारीक मशीन फिरवली होती. गळ्यात पांढरा दुपट्टा टाकला अन् साखरपुड्याचे हार सांगाले बाजारात निघालो. अहो, आमच्याकडं बाप गेल्याबिगर कोणी मिशी काढत नाही! हे मले ठाऊक नव्हतं काय? होतं. पण कलाकाराच्या ध्यानात असल्या गोष्टी राहतात कुठं?

चौकात शेजारचे गुरुजी भेटले. माहा हात घट्ट धरला. "हिंमत ठेवा." मले भरून आलं. एका मिशीसाठी इतकी माया! चहावाल्यानं न मागता चहा दिला. पानवाल्यानं गाणं बंद केलं. मी बी तोंड पाडून सगळ्यांले हात जोडत फिरलो.

घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. बायको हंबरडा फोडून म्हणते, "बाबा गेले, अन् तुम्ही मले सांगतलं बी नाही!"

माहे बाबा दोन दिवसांपासून जानेफळले आत्याकडं होते. इतके लोक म्हणतात म्हणजे खबर खरीच असणार! मी बी भिंतीले टेकून ढसाढसा रडाले लागलो.

तेवढ्यात शेगावहून व्याही आले. मले रडताना पाह्यलं अन् म्हणाले, "आता सुतकात साखरपुडा कसा करावा? अन् वर्षभर आम्हाले थांबता येत नाही. दुसरं स्थळ पाहा लागन." पोरीचं तोंड पांढरं पडलं.

अन् दारात पिशवी घेऊन बाबा उभे!

गर्दी पाहून तेच घाबरले. "कोण गेलं बे?"

मी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडलो. "बाबा, तुम्ही गेले!"

"मी? कधी?"

शेवटी साळ्यानं रेझरची कथा सांगतली. व्याही पोट धरून हसले. "मंग साखरपुडा उद्याच!" पोरगी हसत हसत आत पळाली.

बाबा मात्र हसले नाहीत. माह्या ओठाकडं लय वेळ पाहात राह्यले.

"मी मेल्यावर काढाले काही ठेवलं काय बे? आता तुही मिशी येईपर्यंत मले मरता बी येत नाही!"