विमा काढून या

तिलोक राजखोवा वारले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जोरहाटच्या त्यांच्या घरी माणसं येऊ लागली आणि हसू लागली. अंगणात सुपारीच्या झाडांखाली खुर्च्या मांडल्या होत्या. येणारा आधी आत जाऊन फोटोपुढे उदबत्ती लावे, पत्नी बीणापाणिबाईंपुढे हात जोडे आणि बाहेर येऊन बसे. मग एखादा म्हणे, “ते बकऱ्यांचं आठवतं का?”

बकऱ्यांचं असं होतं. राजखोवा हवाई दलात मालवाहू विमानांचे वैमानिक. जोरहाटहून उडायचं, अरुणाचलच्या डोंगरांतल्या चौक्यांना मीठ, रॉकेल, तांदूळ, जवान, जे असेल ते पोचवायचं आणि परत यायचं. एकदा विमानात चाळीस बकऱ्या होत्या आणि एक मेजर. दार लागल्यावर राजखोवा मागे आले, हातातला कागद नीट वाचला आणि म्हणाले, “एकूण प्रवासी एक्केचाळीस. मेजरसाहेब, आपण कितवे?”

दुसरी गोष्ट अंड्यांची. पॅराशूटनं टाकलेली अंडी सगळी फुटली, पुन्हा पाठवा, असा एका चौकीचा संदेश आला. राजखोवांनी पिंजऱ्यातून चार कोंबड्या टाकल्या. पिंजऱ्याला चिठ्ठी होती: ‘पुढचं तुमचं तुम्ही बघा.’

बीणापाणिबाई आतल्या खोलीत खिडकीपाशी चटईवर बसून हे ऐकत. पन्नास वर्षांच्या संसारात यातली एकही गोष्ट त्यांच्या कानावर आली नव्हती. त्यांना माहीत असलेला माणूस घरी येई, बूट काढून दाराशी सरळ ठेवी, हातपाय धुई, जेवी आणि पेपर वाची. भांडण नाही, आवाज नाही. ‘मीठ दे’, ‘पाऊस येईल’, ‘पल्लवला ताप आहे का अजून?’ इतपत बोलणं. निवृत्त झाल्यावरही तसंच. सकाळी चहाच्या दुकानात जाऊन बसत, बाराला परत. दुकानात दोन तास ते एकटेच बोलत आणि बाकीचे ऐकत, हे बाईंना दुकानदारानं चौथ्या दिवशी सांगितलं.

“आमच्याकडे गर्दी असायची त्यांच्यामुळे,” दुकानदार म्हणाला. “आता कोपऱ्यातली खुर्ची तशीच ठेवलीय. कुणी बसत नाही.”

“घरी बोलायचे नाहीत,” बाई म्हणाल्या.

दुकानदाराला ती थट्टा वाटली. तो हसला आणि तामूल, म्हणजे पानसुपारी, तोंडात टाकून गेला.

सहाव्या दिवशी गोलाघाटहून ठानेश्वर चेतिया आले. राजखोवांच्या विमानावरचे फ्लाइट इंजिनिअर, अकरा वर्षं एकत्र उडालेले. वय शहात्तर, कान अर्धे गेलेले, आवाज पहिल्यासारखाच इंजिनावरून ओरडल्यासारखा. अंगणात बसले आणि त्यांनी टेंग्याचा विषय काढला.

टेंगा म्हणजे माशाचं आंबट कालवण. आसामात ते येत नाही अशी बाई नाही. ठानेश्वरांच्या म्हणण्याप्रमाणे राजखोवांच्या निम्म्या विनोदांत बायकोचा टेंगा असे.

“विमानात मिठाची पोती चढवत होतो,” ठानेश्वर सांगत होते. “नवीन पोरगा होता सहवैमानिक. म्हणाला, सर, एवढं मीठ? तर राजखोवा म्हणतात, हे आमच्या बायकोनं पंधरा वर्षांत टेंग्यात घालायचं विसरलेलं मीठ आहे. आज एकदम परत करतोय सरकारला.”

अंगण हसलं.

“आणि त्या सत्त्याऐंशी सालच्या थंडीत. पंखांवर बर्फ धरलेलं, डावं इंजिन बंद, दोन्हीकडे डोंगर, पुढे ढग. मी बंद इंजिन पुन्हा पुन्हा चालू करायला बघतोय. कानात राजखोवांचा आवाज: ठानेश्वर, घाई करू नकोस. घरी टेंगा केलाय. इथंच बरंय.” ठानेश्वरांनी खुर्ची पुढे ओढली. “सातही जण हसलो. मेलो असतो तर हसतच मेलो असतो. खाली उतरल्यावर पोटात सकाळपासून काही नाही. सगळे म्हणालो, सर, आज तुमच्याच घरी जेवतो. तर म्हणाले, या ना. पण विमा काढून या.”

मोठा हशा झाला. आत बीणापाणिबाईंनी चटईची सुटलेली काडी ओढून तोडली.

तो दिवस त्यांना माहीत होता. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईनं दुपारी येऊन सांगितलं होतं की विमानाला उशीर झालाय, हवा वाईट आहे. पुढे काय झालंय ते कुणी सांगेना. तेव्हा बाईंनी रोहू साफ केला आणि भात टाकला. विमानातली माणसं सात, हे त्यांना ठाऊक होतं. येतील तेव्हा भुकेले येतील, म्हणून सात जणांचं केलं. चार वाजता राजखोवा एकटेच आले. बूट काढले, हातपाय धुतले, जेवले आणि झोपले. उरलेलं सगळं बाईंनी धोब्याच्या घरी पाठवलं.

हवाई दलाच्या वसाहतीत एक रीत होती. अविवाहित पोरं मेसच्या जेवणाला कंटाळली की लग्न झालेल्या साहेबांच्या दारात उभी राहत. वहिनी, काय आहे? असं विचारत थेट स्वयंपाकघरापर्यंत जात. पलीकडे एका सरदारजींच्या बायकोच्या घरी रविवारी दहा-दहा ताटं पडत. राजखोवांच्या घरी चोवीस वर्षांत कुणी आलं नाही. बाईंनी त्याचं कारण स्वतःपुरतं शोधून ठेवलं होतं. त्या शिवसागरजवळच्या खेड्यातल्या शाळामास्तरांची मुलगी; इंग्रजी वाचता येई, बोलता येत नसे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी अधिकाऱ्यांच्या बायकांच्या चहाला गेल्या होत्या. एकीनं काहीतरी विचारलं, त्यांनी तोडकंमोडकं उत्तर दिलं आणि सगळ्या फिस्सकन हसल्या. त्यानंतर त्या कधी गेल्या नाहीत.

विचारलेलं काय होतं ते आता त्यांना आठवलं. ‘तुमच्या हातचा टेंगा आम्हाला कधी मिळणार?’ असं विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, ‘एनी डे.’

पल्लव, त्यांचा मुलगा, बंगळूरहून बायकोला घेऊन आला होता. मत्स्यस्पर्शाच्या जेवणासाठी त्यानं आचारी ठरवला होता. सुतकाचं उकडलेलं अळणी जेवण त्या दिवशी संपतं, घर पुन्हा मासा खातं, आणि आप्तेष्ट पंगतीला बसतात. साठ पानं होती.

“टेंगा मी करणार,” बाई म्हणाल्या.

“मा, साठ माणसं आहेत.”

“आचाऱ्याला बाकीचं करू दे.”

सून रूनुमी म्हणाली, “मा, पण तुम्ही चव कशी घेणार?”

प्रश्न बरोबर होता. बाईंच्या सासूनं विधवा झाल्यावर मासा सोडला होता. बाईंनीही तेच ठरवलं होतं. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

“मी चाखते ना,” रूनुमी म्हणाली.

“नको. तू चांगलंच म्हणशील.”

“म्हणजे?”

“सून आहेस. दुसरं काय म्हणणार?”

बाईंची अडचण तीच होती. सासू चांगलं म्हणे, कारण सुनेला चारचौघांत नाव ठेवायचं नसतं. पाहुणे चांगलं म्हणत, कारण ते पाहुणे. आपल्या हातची चव तोंडाला इतकी सवयीची होते की तिच्यातलं बरं-वाईट कळत नाही. समोर बसून पन्नास वर्षं जेवलेला माणूस घरी काही बोलला नाही आणि बाहेर हे बोलला. तो थट्टा करत होता की खरं सांगत होता, हे त्यांना आता त्याला विचारता येत नव्हतं. ज्यांना त्यानं सांगितलं होतं ती माणसं मात्र पंगतीला येणार होती.

मत्स्यस्पर्शाच्या सकाळी त्यांनी माशाच्या फोडी हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात परतल्या. मेथीची फोडणी दिली. थेकेराच्या, म्हणजे आमसुलासारख्या आंबट फळाच्या, वाळल्या फोडी रात्रीच भिजत घातल्या होत्या, त्यांचं आंबट पाणी ओतलं. मिठाशी येऊन त्या थांबल्या. मोठ्या पातेल्याचा अंदाज त्यांना सत्त्याऐंशी सालानंतर घ्यावा लागला नव्हता. तीन मुठी घातल्या, वाफेशी चेहरा नेला, आणखी अर्धी घातली.

पंगतीत ठानेश्वर आणि त्यांच्या वेळचे आणखी चौघे एका रांगेत बसले. टेंगा वाढायला बाई स्वतः आल्या. पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण हळूच म्हणाला, “विमा?” आणि दुसऱ्यानं कोपरानं ढोसलं.

बाई वाढून बाजूला उभ्या राहिल्या.

ठानेश्वरांनी भात कालवला, घास घेतला, दुसरा घेतला. मग काटा काढत काढत पूर्ण फोड संपवली. हात ताटातच ठेवून वर पाहिलं.

“वहिनी, हा तुम्हीच केलाय?”

“हो.”

“आचाऱ्यानं नाही?”

“नाही.”

“असाच करायचात? नेहमी?”

“आठवड्यातून दोनदा.”

ठानेश्वरांचा चेहरा लाल झाला. “हरामखोर!” ते ओरडले. अर्धी पंगत वळली. “अकरा वर्षं! अकरा वर्षं मी मेसची डाळ गिळली! आणि हा इथं…” त्यांनी फोटोच्या दिशेनं उष्टा हात उगारला. “आम्ही येऊ नये म्हणून! कळलं का रे? आम्ही येऊ नये म्हणून सांगत होता!”

बाकीचे चौघे हसत सुटले. एकाला ठसका लागला. दिवसकार्याच्या जेवणाला सगळेच चांगलं म्हणतात, पण शिवी देऊन कुणी म्हणत नाही. बाईंना उत्तर मिळालं.

“त्या दिवशी मी सात जणांचं केलं होतं,” त्या म्हणाल्या.

“कुठल्या दिवशी?”

“डावं इंजिन बंद पडलं त्या दिवशी.”

ठानेश्वरांना ऐकू आलं नाही असं वाटून शेजारच्यानं त्यांच्या कानात ते पुन्हा सांगितलं. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी ताटाकडे पाहिलं. नंतर त्या रांगेत कुणी हसलं नाही, आणि राजखोवांची गोष्टही कुणी काढली नाही. सगळ्यांनी टेंगा मात्र दोनदा मागून घेतला.

तामूल घेऊन निघताना ठानेश्वर म्हणाले, “वहिनी, गुरुवारी येतो जेवायला. साडेनऊच्या बसनं.”

“या.”

“दर गुरुवारी येणार. अकरा वर्षं वसूल करायचीत.”

पल्लव आणि रूनुमी मंगळवारी बंगळूरला गेले. आमच्याबरोबर चला म्हणाले; बाई नंतर बघू म्हणाल्या. खुर्च्या भाड्याच्या होत्या, त्या टेम्पोतून गेल्या. अंगणात त्यांच्या पायांचे चौकोनी ठसे राहिले.

गुरुवारी बाईंनी रोहू आणला. जास्त लागेल म्हणून मोठा आणला. दहापर्यंत टेंगा झाला. अकराला फोन वाजला.

“वहिनी, गुडघा!” ठानेश्वर ओरडत होते. “सकाळपासून उभं राहवत नाही. मुलगी सोडत नाही घराबाहेर. पुढच्या गुरुवारी नक्की.”

“बरं.”

“रागावलात?”

“नाही. घाबरलात वाटतं,” बीणापाणिबाई म्हणाल्या. “विमा काढून या.”

मग ठानेश्वर हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, मुलीनं विचारलेलं ऐकू आलं, “बाबा, काय झालं?” आणि फोन बंद झाला.

बाईंनी फोन ठेवला. बाहेर कुणी नव्हतं. दाराशी बूट अजून सरळ ठेवलेले होते. ते कुणी हलवले नव्हते. त्या स्वयंपाकघरात गेल्या, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि डावाच्या टोकावर थोडं कालवण घेतलं. क्षणभर तसाच धरला. मग चाखलं.

मीठ किंचित कमी होतं. त्यांनी चिमूटभर घातलं, ढवळलं, भात वाढून घेतला, त्यावर माशाची एक फोड घेतली आणि जेवायला बसल्या.