फक्त उत्तरांचं प्रकरण: धायरी ते लोणी काळभोर, कसबा पेठेमार्गे

रविवारी कसबा पेठेतल्या वाचनगटात जायचं ठरवलं, तेव्हा लोणी काळभोर मनातही नव्हतं. ठरलं होतं ते एवढंच, की या वेळी आईंना बरोबर न्यायचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस डोळ्यांना ताण नको म्हणून टीव्हीही बंद झाला. मी संध्याकाळी गटासाठी कादंबरी वाचत बसायचे. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं वाच की. मलाबी कळंल."

कादंबरी जुनी, गाजलेली आणि अवघड. युद्धाच्या काळातलं एक शहर, पण रणांगण एकदाही दिसत नाही. दर प्रकरणाला सांगणारा बदलतो. मध्येच रेशनच्या रांगेतली नुसती बोलणी, मध्येच तीन पानांचं एकच वाक्य. मी स्वतः दोनदा सोडून दिली होती. आई मात्र रोज विचारायच्या, "त्या दळणवालीचं पुढं काय झालं?"

"चर्चेला येता का?" मी विचारलं.

"मी काय बोलणार तिथं?"

"ऐकायला चला."

रविवारी सकाळी त्या ठेवणीतली साडी नेसून तयार होत्या.

कुणाला तिकडे जायचं असेल तर सांगते, चारचाकी घरीच ठेवा. सिंहगड रस्त्यावर वेळ जातो आणि पेठेत गाडी लावायला जागा शोधण्यात उरलेला. आम्ही धायरी फाट्यावरून बसनं स्वारगेटला गेलो, तिथून रिक्षा केली. शेवटचा टप्पा चालत. गल्लीतल्या भांड्यांच्या दुकानापाशी आई थांबल्या, एक तांब्याचा हंडा बोटानं वाजवून पाहिला, किंमत ऐकली आणि पुढे निघाल्या.

आमचा गट प्रभाकररावांच्या घरी भरतो. ते निवृत्त शिक्षक. जिना अंधारा आहे, कठडा धरूनच चढा. वर गेल्यावर साबुदाण्याची खिचडी आणि ताक मिळालं, आणि बशा आपापल्या विसळायच्या अशी सूचनाही.

चर्चा लगेच तापली. सगळ्यांना खटकलं होतं ते एकच प्रकरण. युद्धावरून परतलेला एक जण बोलतोय, पण पानावर फक्त त्याची उत्तरं आहेत. त्याला विचारलेले प्रश्न लेखकानं छापलेलेच नाहीत. "हो." "नाही, थंडी नव्हती." "ते मला आठवत नाही." अशी सात पानं.

"कागदाची टंचाई असावी," प्रभाकरराव म्हणाले. "युद्धकाळच तो."

गटातली सगळ्यांत लहान ऋता, आयटीतली. ती म्हणाली, "सर, पण तोच तर पॉइंट आहे ना. प्रश्न आपण इमॅजिन करायचे. मला तर ते वाचून कसंतरीच झालं."

"इमॅजिन मी करायचं आणि मानधन लेखकानं घ्यायचं."

सगळे हसले. तेवढ्यात आई बोलल्या. आवाज लहान होता, पण ऐकू गेला.

"माझा भाऊ लढाईवरनं आला तवा असाच बोलायचा. हो, नाही, एवढंच. फक्त आमी त्याला कधी काई विचारलंच नाही."

प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला.

"आहेत का ते?" त्यांनी विचारलं.

"हाय की. लोणीला असतो."

"मग विचारा. लोणी काही सरहद्दीवर नाही."

हे पेठेतलं बोलणं. परक्याला टोमणा वाटेल. आईंनी मात्र ते सल्ला म्हणून घेतलं. जिना उतरता उतरता त्या म्हणाल्या, "आत्ताच जाऊ."

मला धास्ती वाटली. आईंचे हे भाऊ, नानामामा, लढाईत फौजेच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, एवढंच मला माहीत होतं. घरात तो विषय निघत नसे. इतक्या वर्षांनी जखम उकरायची का, हे रस्ताभर डोक्यात होतं. आईंचे गुडघे दुखतात म्हणून बसऐवजी टॅक्सी केली. हडपसर ओलांडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, पुढे सोलापूर रस्ता बरा आहे. वाटेत उसाचा रस घेतला. आई पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

नानामामा अंगणात बाजेवर बसले होते. बहिणीला असं अवचित आलेलं पाहून आधी घाबरलेच. "काय झालं? समदं बरं हाय ना?"

"बरं हाय. ही तुला पुस्तक वाचून दाखवणार हाय."

मामींनी चहा आणला. मी सात पानं वाचली. मधे एकदा पान उलटताना थांबले, तर मामाच म्हणाले, "वाच, वाच." संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे लिवणारा लढाईवर गेलता का?"

"नाही. शहरातच होता."

"तरीच. घरच्यांचं बरोबर लिवलंय. एकबी प्रश्न नाही."

आईंनी पदर नीट केला. "नाना, तू आल्यावर भायेर का निजायचास? थंडीतबी?"

मामांनी गोठ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठून जातील.

"मी आत आलो की तुमी समदी गप व्हायचा," ते म्हणाले. "वाटायचं, माझ्यामुळं घर मुकं झालंय. भायेर निजलं की आतनं तुमचं बोलणं ऐकू यायचं. मग झोप लागायची."

"अरे, दादांनी बजावलं हुतं, त्याला काई विचारायचं नाही म्हणून." आईंचे डोळे भरले. "मला तर नुसतं विचारायचं हुतं, बर्फ बघितलास का."

मामा हसले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "बघितला की. बुटाखाली मिठावानी वाजतो."

मग ते बोलतच राहिले. खिंडीतला रस्ता, गोठलेलं डिझेल, पत्र्याच्या डब्यात केलेला चहा. मागच्या ट्रकमधल्या एका पोराचं नाव त्यांनी घेतलं आणि थांबले. "ते ऱ्हाऊ दे," म्हणाले. आईंनी राहू दिलं. मामींनी पिठलं-भाकरी वाढली आणि जेवताना त्या दोघी कुणाच्या तरी सोयरिकीवर बोलू लागल्या. मामा त्यात अधूनमधून चुका काढत होते.

परत येताना ट्रकांच्या रांगेत पुष्कळ अडकलो. त्याचं काही वाटलं नाही. ही कादंबरी थोर आहे की नुसतीच अवघड, हे मला अजून सांगता येणार नाही. गटात दोन्ही बाजूंची माणसं आहेत आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम आहेत. मी इतकंच म्हणेन, की वाचायची तर मोठ्यानं वाचा आणि कुणाला तरी जवळ बसवून वाचा.

घरी आलो तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "कशी झाली चर्चा?"

आई पाय धुऊन पंख्याखाली बसल्या होत्या. "दर भाऊबीजेला ओवाळत आले नानाला," त्या म्हणाल्या. "गप्पा आज मारल्या."