पायातले पट्टे कोण बांधणार

पाणी नाकात गेलं. जॅकेट माझ्या अंगावर होतं पण मी जॅकेटात नव्हती, ते वर वर सरकत कानांच्या पुढे गेलं आणि मी त्याच्यातून खाली घसरत चालली, हात वर अडकलेले, डोळ्यांपुढे काळं कापड. पायाखाली काही लागेना. ओरडायला तोंड उघडलं तर आणखी पाणी आत.

"अगं धरा तिला, धरा कुणीतरी!" सासूबाई काठावरून ओरडल्या. माझी पोरगी त्यांच्या कडेवर बसून टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं आई खेळतेय.

ह्यांनी उडी मारली, मला धरलं, पायरीवर बसवलं. मी खोकली, थुंकली, श्वास लागला, आणि मग ह्यांच्या दंडावर एक चापट मारली. का मारली माहीत नाही. बरं वाटलं.

आता कुठे आणि कशाला ते सांगते. सोनिवलीला पथकातल्या एकाच्या ओळखीचं फार्महाऊस आहे, तिथे पोहायचा तलाव आहे. पथक म्हणजे बदलापुरात नदीत कुणी बुडालं की काढायला जातात ती माणसं. आमचे हे त्यात आहेत. दिवसा अंबरनाथला कंपनीत ड्युटी, आणि फोन आला की नदी. पगार नाही काही नाही, वर मी चिडली की बोलतात, "तुझा भाऊ बुडाला असता तर?" मला भाऊच नाही.

गेल्या पावसात हे नुसती कमरेला दोरी बांधून उतरले. घरी आले तर कमरेभोवती सगळं सोलून निघालेलं, मी हळद लावत बसली. तेव्हापासून मला पाण्याचीच भीती, बादली भरताना पण पोरीला लांब ठेवते.

मग यंदा पथकाने वर्गणी काढली आणि पथकाचे मोठे दादा, जे सगळ्यांना शिकवतात, ते बोलले, "नीट जॅकेट मिळालं तर पाण्यात जायचं. नाही मिळालं तर यंदा सगळे काठावर उभे राहून दोरी फेका." मी मनातल्या मनात देवाला बोलली, नको मिळू दे.

हे जॅकेट म्हणजे बोटीत बसताना देतात ते नाही हां. पाठीवर हवेचा सिलिंडर लावतात, बटण दाबलं की जॅकेट फुगतं आणि माणूस वर येतो, हवा सोडली की खाली जातो. त्यालाच पट्टे असतात आणि पाठीला एक लोखंडी कडी. कडीला दोरी, दोरी काठावरच्या माणसाच्या हातात. गढूळ पाण्यात आत काही दिसत नाही, तर दोरीने वरचा माणूस ओढून घेतो. म्हणजे जॅकेट चुकीचं असलं तर दोरी हातात, जॅकेट दोरीला, आणि माणूस आतच.

उल्हासनगरचे एक शेठ टेम्पोत दोन तऱ्हेची घेऊन आले होते. मी सासूबाईंबरोबर सगळ्यांचा डबा घेऊन गेली होती, बस एवढंच. पथकातल्या सगळ्यांनी घालून बघितली आणि सगळे बोलले, दोन्ही मस्त.

"तुम्हाला मस्तच वाटणार," दादा बोलले. "तुम्ही मासे. पोहता येणारा माणूस गोणपाट घालून पण तरंगतो. मला दमलेला माणूस पाहिजे, घाबरलेला, ज्याला श्वास पुरत नाही असा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ही आहे की," आमचे हे बोलले. "वजन पण माझ्याएवढंच. स्वप्नात पाणी दिसलं तरी उठून बसते."

"वहिनी, आम्ही आहोत ना बाजूला," एक जण बोलला.

शेठ बोलले, "भाभी, डरो मत, एकदम चोखा माल है."

"मग तुम्ही उतरा," सासूबाई बोलल्या. शेठ टेम्पोकडे बघायला लागले.

मी उतरली. भीती वाटत होती म्हणूनच उतरली. वाटलं, मी घाबरली तर दोन्ही जॅकेटं नापास होतील आणि हे काठावर राहतील.

पहिलं फार देखणं होतं, दहा खिसे, चकचकीत. हवा भरली तशी त्याने छाती, पोट सगळं आवळलं, मला श्वासच घेता येईना. बाळंतपणानंतर पोट बांधतात ना, त्याच्या दुप्पट. "बाद," दादा बोलले. मी खूश.

दुसरं साधं, काळं, नुसते पट्टेच पट्टे. ते मी घातलं आणि पुढे काय झालं ते वर सांगितलंच. "हे पण बाद," दादा बोलले, आणि टॉवेल खांद्यावर टाकून खुर्चीत बसले. "संपलं. यंदा काठावर."

शेठने डोक्याला हात लावला. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. आणि मला काय आनंद झाला सांगू, नाकातून अजून पाणी गळतंय आणि मी हसतेय.

जॅकेट काढायला खाली वाकली तर गुडघ्यांजवळ दोन पट्टे लटकत होते. ओले, टपटप गळत. हातात घेऊन बघितलं तर टोकाला बकल. मग कळलं. ते पायातून घेऊन पुढे बांधायचे होते, जॅकेट वर सरकू नये म्हणून. कुणी बांधले नव्हते. खांद्याचे, पोटाचे सगळे दादांनी बघितले, पण वहिनीच्या पायातून पट्टा कोण घेणार? मला जॅकेट चढवताना सगळ्यांनी मान वळवली होती, नवऱ्याने पण, चार माणसांत लाज. आणि ह्या बाप्यांनी स्वतः तरी कुठे बांधले होते? लंगोटासारखं दिसतं म्हणून पाठीमागे खोचून टाकलेले, मी बघितलं होतं.

आता हे फक्त मला माहीत होतं. पट्टे सोडून दिले असते तर शेठ टेम्पो भरून घरी, हे काठावर, मी सुखात.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ओले केस, डोळे नदीच्या दिशेला. आणि मला माहीत होतं, हा माणूस काठावर उभा राहायचा नाही. कुणाची आई ओरडली की दादांचा नियम गेला खड्ड्यात, हा उडी मारणार. दोरी कमरेला बांधून.

"अहो दादा," मी बोलली. "हे बांधलेच नव्हते. परत उतरते."

सासूबाई उठल्या. पोरगी ह्यांच्याकडे दिली. "सगळ्यांनी तिकडे तोंड करा!"

सगळे बाप्ये वळले. शेठ पण वळले. दोरीवाला पण वळला.

"अरे मेल्या तू नको, तू दोरीकडे बघ! नुसतं दोरीकडे!"

त्यांनी माझी कमीज वर खोचली, सलवारीवरून पट्टे घेतले आणि खसकन बकल लावलं. "लाज कसली? नातीचा लंगोट रोज बांधते, ही जरा मोठी."

मी परत पाण्यात. बटण दाबलं. जॅकेट वर गेलं, आणि त्याच्याबरोबर मी पण वर गेली! कानाकडे काही आलं नाही. मी हात सोडले, पाय सोडले, ओरडली, धडपडली, मुद्दाम वेड्यासारखी केली. तोंड पाण्याच्या बाहेरच. मग दादांनी खूण केली आणि दोरीवाल्याने आणि आणखी दोघांनी कडीने वर उचलली, तर मांजर पिल्लाला उचलते तशी मी हवेत लटकली, हातपाय खाली, अंगातून धारा.

"वहिनी मासा लागला!" कुणीतरी ओरडलं.

"किलोचा भाव काय?" हे बोलले.

मी हवेतच हसायला लागली, आणि हसता हसता श्वास लागला, पण हा वेगळा होता. पोरगी किंचाळत हसत होती. दादांनी बोट वर केलं, "हेच. आणि आजपासून लंगोट सगळ्यांनी बांधायचा, कोण लाजेल त्याला सासूबाई बांधतील." शेठने सगळ्यांना पेढे आणायला ड्रायव्हरला कात्रपला पाठवलं.

आम्ही डबा उघडला. अंडाकरी गार झालेली, पण तशी चव परत कधी आली नाही. सासूबाई माझ्या कानाशी येऊन हळूच बोलल्या, "गप्प बसली असतीस तर राहिला असता ना काठावर."

मला माहीत होतं. त्यांना पण माहीत होतं, हे काठावर राहणार नव्हतेच, म्हणून तर पट्टे त्यांनीच बांधले.

आता जॅकेट आलंय. फोन वाजला की हे निघतात, मी दारात ह्यांचे पायातले पट्टे स्वतः ओढून बघते आणि मगच जाऊ देते, मग परत येईपर्यंत भाजीत मीठ दोनदा पडतं. खरं सांगा, तुम्ही असता तर? ते पट्टे दाखवले असते, की हातातून हळूच सोडून दिले असते?