मानसिंगतात्यानं पिशवी बांधली

सांगवीच्या स्टँडवर मानसिंगतात्याचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, पाण्याचं एक घमेलं, पंप आणि वाशाला टांगलेली जुनी टायरं. तात्याचे वडील मेंढरं घेऊन लांब लांब फिरायचे. तात्याला मेंढरांचा कंटाळा, म्हणून तो पोरवयातच बारामतीत एका सायकलवाल्याकडं राहिला आणि तिथनं चाकाचा आऊट काढायला शिकून आला. चाक वाकडं फिरत असेल तर तारा कमीजास्त ताणून ते सरळ करायचं, त्याला आऊट काढणं म्हणतात. तात्या चाक फिरवायचा, डोळे मिटायचा आणि रिमला नख लावून नुसतं ऐकायचा. मी कॉलेजला जाताना एसटीची वाट बघत तिथंच बसायचो, त्यामुळं हे हजार वेळा बघितलंय.

दुकानात खिळ्याला एक पिवळी पिशवी असायची. त्यात खंडोबाचा भंडारा. कोणाची शेळी कोणी नेली, पाण्याची पाळी कोणी मोडली, असलं भांडण मिटंना की लोक तात्याकडं यायचे. तात्या काही विचारायचा नाही. पिशवीची नाडी सोडायचा, पुढं धरायचा आणि म्हणायचा, "उचल." खरं बोलणारा चिमूटभर हळद तळहातावर घेऊन देवाचं नाव घ्यायचा. खोटा असेल तो मान खाजवायला लागायचा, देवाला कशाला मध्ये आणता म्हणायचा. झालं, निकाल लागला. "फौजदाराला फसवता येतंय, हळदीला न्हाय," हे तात्याचं ठरलेलं वाक्य. गावात तात्याला जो मान होता तो पंक्चर काढण्याचा नव्हता, या पिशवीचा होता.

आता शंभूराज. शंभूराज आमच्या गावचा रेसर. जत्रा असो, कोणाची जयंती असो, सायकलची शर्यत लागली की हा तिथं, आणि त्यावरच त्याचं पोट. सुप्यात जिंकला, फलटणला जिंकला. पण खरी शर्यत एकच, दिवाळीनंतरची बारामती ते इंदापूर. तिथं त्याला दरवर्षी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा दीपक मागं टाकायचा. शंभूची सायकल तात्या फुकट बघायचा. शर्यतीला बापूसाहेबांची जीप मागनं जायची. बापूसाहेब म्हणजे आमच्याकडचे मोठे ऊसवाले, शर्यतीचं त्यांना भारी वेड. जीपमध्ये मागं तात्या, मांडीवर जादा चाक घेऊन. त्याच्यामागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्ही सगळे, घसा बसेपर्यंत ओरडत.

सत्त्याण्णव साली दीपकच जिंकला. पण त्याच्या टेम्पोजवळ आमच्यातल्या एकाला इंजेक्शनच्या औषधाची फुटकी काचेची बाटली सापडली, बोटाएवढी. मग काय, सांगवी पेटलीच. सुई घेतली, सुई घेतली! वरकुट्याचे लोक म्हणाले, बाटली कोणाची कशावरनं? पंच आबासाहेब, इंदापूरचे रिटायर पीटीचे सर, त्यांना काही सुचेना. तेव्हा तात्या पुढं झाला. पिशवी बरोबर असायचीच. नाडी सोडली आणि दीपकपुढं धरली.

"उचल. घेतली नसल तर उचल."

दीपकनं हात पुढं केला. हात थरथरत होता, मी जवळच होतो. मग त्यानं हात मागं घेतला आणि सायकल घेऊन गर्दीतनं निघून गेला. जिंकणाऱ्याची ढाल दुसऱ्या आलेल्या शंभूला मिळाली. त्या दिवशी आम्ही तात्याला खांद्यावर घेतला होता, शंभूच्या आधी. बापूसाहेबांनी तिथंच माईकवरनं नियम करून घेतला, यापुढं जिंकणाऱ्यानं भंडारा उचलल्याशिवाय ढाल मिळणार नाही. दीपकनं शर्यत सोडली. दुधाचा टेम्पो चालवायला लागला. तो टेम्पो बारामतीत दिसला की आमची पोरं ओरडायची, "ए सुईवाला, दुधाला पण देतो का रं सुई?"

मीही ओरडलोय. लिहायचंच तर सगळं लिहितो.

पुढच्या जुलैमध्ये पेपरात बातमी आली, फ्रान्सच्या मोठ्या सायकल शर्यतीतनं एक अख्खा संघच औषधांपायी घालवला. दुकानात मीच मोठ्यानं वाचली. बापूसाहेब हवा भरायला आलेले, ते म्हणाले, "एवढं शिकल्यालं लोक आन ही असली थेरं! लाज कशी वाटत न्हाय?"

"तिकडं तपासायची मशिनं हायत म्हणं," मी म्हणालो.

"मशिन कशाला पायजे?" तात्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. "लायनीत हुबं करायचं आन भंडारा म्होरं धरायचा. निम्मं तितंच पळालं असतं."

"तात्याला धाडा रं फ्रान्सला!" बापूसाहेब हसले. "इमानाचं तिकीट मी काडतो."

सगळे हसले. तात्या पण हसला, पण त्याला ते पटलेलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

अठ्ठ्याण्णवची शर्यत. बारामतीत सकाळी शर्यत सुटायच्या आधी जे झालं ते मी बघितलेलं नाही, तात्यानंच नंतर सांगितलं. तो जीपच्या मागं बसून शंभूच्या मागच्या चाकाचा आऊट काढत होता. फिरणाऱ्या तारांच्या पलीकडं त्याला शंभू दिसला, बाही वर केलेला. बापूसाहेबांचा ड्रायव्हर त्याच्या दंडात सुई टोचत होता. बापूसाहेब शेजारी उभे, रस्त्याकडं तोंड करून.

शंभूनं तात्याला बघितलं. "ताकदीचं हाय तात्या," तो म्हणाला. "समदीच घेत्यात."

"चाक सरळ झालं हुतं," तात्यानं मला सांगितलं. "तरी मी फिरवत बसलो. मान वर करायला नको म्हणून."

त्या दिवशी शंभू जे पळाला ते विचारू नका. भवानीनगरपर्यंत घोळक्यात होता, जंक्शन गावाच्या पुढं त्यानं मान खाली घातली आणि निमगाव केतकीला मागं बघितलं तर कोणीच नाही. आम्ही ट्रॉलीत नाचत होतो. इंदापुरात गुलाल, हलगी, सगळं. टेबलावर ढाल ठेवलेली. आबासाहेबांनी माईक घेतला, "नियमाप्रमाणं आता विजेत्यानं भंडारा उचलायचा."

वरकुट्याची माणसं याचीच वाट बघत होती.

"काडा की तुमचा भंडारा! का औंदा हळद म्हाग झाली?"

"बगू द्या की सांगवीचं सोवळं!"

दीपक पण आला होता. टेम्पोच्या दाराला टेकून उभा, ओरडत वगैरे नव्हता.

"काड रं मानसिंग, त्यात काय येवढं," बापूसाहेब म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा.

तात्या पुढं आला. त्यानं नाडी सोडली. शंभूनं हसत हसत हात पुढं केला, तळहात वर, आणि गर्दीकडं बघून डोळा मारला. आम्ही शिट्ट्या वाजवल्या. तात्या त्या हाताकडं बघत राहिला. एवढी पन्नास किलोमीटर सायकल मारून आलेला हात, पण जरा म्हणून हलत नव्हता.

तात्यानं पिशवी मागं घेतली. नाडी ओढली, गाठ मारली, परत दुसरी गाठ मारली.

"न्हाय."

"काय न्हाय?" आबासाहेब.

"भंडारा द्यायचा न्हाय."

"अहो, म्हणजे यानं सुई घेतली असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी काय बी म्हणत न्हाय. पिशवी माजी हाय. न्हाय द्यायची."

"आरं तात्या, उचलतो की मी!" शंभूला खरंच कळत नव्हतं. "मी तयार हाय की! दे हिकडं!"

"तू तयार हायस, म्हणूनच न्हाय," तात्या म्हणाला.

बापूसाहेब त्याच्या कानाशी गेले. काय बोलले ऐकू आलं नाही, तात्यानं फक्त नकाराची मान हलवली. मग जो गोंधळ उडाला! वरकुट्याकडनं हुर्यो, आमच्याकडनं शिव्या, आणि शिव्या सगळ्या तात्याला. गद्दार म्हणाले, फितूर म्हणाले, वरकुट्याकडनं किती घेतलं म्हणून विचारलं. मी पण गद्दार म्हणालो. एकदाच, पण मोठ्यानं. शंभूनं सुई घेतली का, हे मात्र आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. दीपकच्या वेळी बोटाएवढ्या बाटलीवरनं आमची खात्री पटली होती.

भंडारा नाही तर ढाल नाही. नियम आमचाच. ढाल शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या कपाटात परत गेली. तात्याला जीपमध्ये कोणी घेतलं नाही. तो जादा चाक खांद्याला अडकवून एसटीनं आला, म्हणे कंडक्टरनं चाकाचं पण तिकीट फाडलं.

त्यानंतर गावानं पंक्चर काढायला पुढच्या फाट्यावर जायला सुरुवात केली. तीन किलोमीटर सायकल ढकलत न्यायची, पण तात्याकडं नाही. शंभूनं सायकल दुरुस्तीला बारामतीत टाकली. तात्याची बायको गोजरबाई दुकानात डबा आणायची तेव्हा मी तिथं असायचो, तिचं रोज तेच.

"पोरगं जिंकलं हुतं. तुमचं काय जात हुतं वो?"

"त्येनं खोटं उचललं असतं तर पिशवीत काय ऱ्हायलं असतं? निस्ती हळद. तुज्या कालवणात घालायला."

"मंग आता कोण येतंय तुमच्या पिशवीकडं?"

खरंच कोणी येत नव्हतं. दोन भाऊ बांधावरनं भांडत होते, ते दुकानावरनं गेले, पिशवीकडं बघितलं आणि तसेच पुढं गेले.

महिन्याभरानं एका रविवारी तात्या मला म्हणाला, "वरकुट्याला येतूस का?" मी हो म्हणालो. गद्दार म्हणालो होतो ते डोक्यातनं जात नव्हतं.

दीपक गोठ्यासमोर दुधाचे कॅन धूत होता. त्याची आई छबूबाई शेण भरत होती. आम्हाला बघून तिनं पाटी खाली ठेवली.

"या. आता कुणाला उचलाय लावायचाय?"

"आई, गप," दीपक म्हणाला.

"का गप? वरीस झालं, बाजारात गेलं तरी सुईवाल्याची आई म्हणत्यात मला. आन ह्यांचा शंभू तेवढा सोन्याचा?"

तात्या खाली बसला. मग विचारलं, "दीपक, खरं सांग. त्या साली तू घेतली हुतीस का?"

"घेतली हुती," दीपक कॅन घासत म्हणाला. "दोन वर्षं घेत हुतो. मंग भंडारा कसा उचलू?"

छबूबाई त्याच्याकडं बघायलाच लागली. हे तिला माहीत नसावं.

"शंभ्या उचलणार हुता," तात्या म्हणाला.

"म्हाईत हाय. त्येचा हात बगितला मी."

"म्हंजी ज्याला भ्या वाटलं तेवढाच घावला." तात्या स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "आन मी तुला समद्यांम्होरं..."

दीपकनं दुसरा कॅन ओढला. चालेल म्हणाला नाही, जाऊ द्या म्हणाला नाही. गोठ्यात खुंटीला त्याची सायकल टांगलेली होती, वर्षभराची धूळ. तात्या उठला, सायकल उतरवली, पुढचं चाक फिरवून बघितलं. चांगलंच वाकडं फिरत होतं.

"पाना हाय का?"

दीपकनं त्याच्याकडं बघितलं, मग टेम्पोतनं पाना आणून दिला. तात्या दुपारभर दोन्ही चाकांचा आऊट काढत बसला, तार तार करून. छबूबाईनं शेवटी चहा आणला. माझ्यापुढं कप ठेवताना आदळला, तात्यापुढं नाही.

सांगवीला परत आल्यावर तात्यानं पिशवी खिळ्यावरनं काढली आणि घरच्या देव्हाऱ्यात ठेवली. दुकानात ती परत आली नाही.

गेल्या वर्षी, नव्व्याण्णवला, शर्यतीच्या आधीच बैठक झाली. देवाला शर्यतीत ओढू नये, असं बापूसाहेबांनी सुचवलं आणि दोन्ही तालुक्यांनी टाळ्या वाजवून मंजूर केलं. वरकुट्याचा एक नवा गडी तयार झाला होता, त्यांना पण ते सोयीचंच होतं. शंभू जिंकला. आम्ही परत ट्रॉलीत होतो, परत घसा बसला. मला वाटलं होतं मी ओरडणार नाही, पण सांगवीचा बनियन पुढं दिसल्यावर तोंड आपोआप उघडतं.

तात्या निमगाव केतकीला रस्त्याकडेला पंप घेऊन एकटाच उभा होता, कोणाची हवा गेली तर भरायला. शंभू समोरनं गेला तेव्हा तो नेहमीसारखाच ओरडला, "मान खाली घाल शंभ्या, वारं हाय!" त्याच्या नकळत आलं असणार. शंभूनं मान खाली घातली.

आमचा ट्रॅक्टर थांबला. वर्ष झालं होतं, राग थोडा उतरला होता, शिवाय आम्ही जिंकत होतो. "चल तात्या, बस ट्रॉलीत," कोणीतरी म्हणालं. "शंभ्या पुडंच हाय. गुलाल घेऊ."

"तुमी व्हा म्होरं," तात्या म्हणाला. तो बारामतीच्या बाजूला बघत होता, तिकडनं एकेक मागं पडलेला गडी सायकल मारत येत होता. "दीपक यायचाय अजून."