म्हसोबाची लवण आणि उलटा डबा

आधी एक दुरुस्ती. मागच्या महिन्यात याच पानावर मी लिहिलं होतं, की मावळातल्या म्हसोबाच्या लवणीत मुळात मोकळं, खोल तळं होतं आणि लव्हाळा मागाहून माजला. हे उलटं आहे. आधी लव्हाळा, मग तळं. चूक खोडायची नाही, तिच्यावर रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, असं नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिकवलंय. मॅट्रिकपर्यंत मी घरी त्यांच्याकडेच शिकले. तेव्हा ही रेघ, आणि शेजारी हा दुसऱ्या प्रवासाचा वृत्तान्त.

लवण म्हणजे पाणी धरून ठेवणारी सखल जागा. तिच्या काळ्या चिखलात फार जुन्या काळी मेलेल्या भुंगेऱ्यांचे पंख अजून शाबूत मिळतात, निळे-हिरवे, चकचकीत. पोहणाऱ्या भुंगेऱ्यांचे मिळाले तर तिथे मोकळं पाणी होतं. लव्हाळ्यावर जगणाऱ्यांचे मिळाले तर लव्हाळा होता. खालचा थर जुना, वरचा नवा. इतकं सोपं आहे, आणि मी नेमकी त्यातच चुकले.

एका डब्याएवढ्या चिखलावरून एवढा निष्कर्ष छापला, ही टोचणी काही जाईना. म्हणून चैत्र संपता संपता पुन्हा निघाले. तुम्हांला जायचं असेल तर पुण्याहून सकाळची लोणावळा पॅसेंजर धरा आणि कामशेतला उतरा. स्टेशनाबाहेर भजी बरी मिळतात, चहा मात्र नुसता गोड. तिथून पवनेच्या बाजूची एसटी. सध्या धरणाच्या कामाचे ट्रक इतके धावतात, की खिडकीशी बसणारा धुळीनं पांढरा, म्हातारा होऊन उतरतो. मी खिडकीशीच बसले. सामानात तुपाचा रिकामा चौकोनी डबा, चाळणी, भिंग आणि बाटलीभर रॉकेल. चाळलेल्या चिखलात रॉकेल ओतून वर पाणी सोडलं की पंख तरंगून येतात.

कंडक्टरनं बाटलीचा वास घेतला. "ताई, गाव पेटवायला चाललात का?"

"नाही, किडे धुवायला," मी खरं ते सांगितलं. त्यानं तिकीट दुरूनच दिलं.

फाट्यावरून गावापर्यंत चालावं लागतं, छत्री न्याच. मी उतरते ती गंगूमावशींकडे. मागच्या खेपेला लवण त्यांनीच दाखवली होती.

"आली का गं किडेवाली!" मावशी ओट्यावरूनच ओरडल्या. "तुज्यापायी गावात लय धामधूम हाय."

"माझ्यापायी?"

"मंग! सरपंच आबांनी तुजा लेख देवळात वाचून दावला. हितं मूळचं तळं व्हतं म्हनून. आता अक्षय तृतीयेला कुदळ मारायची, समदा काळा चिखल उपसायचा, तळं माघारी आणायचं."

माझं लिहिलेलं कुणी वाचतं, हाच मुळात धक्का होता. वाचून कुदळ उचलतील, हे तर स्वप्नातही नव्हतं.

मावशींची गाय नुकतीच व्यायली होती, म्हणून संध्याकाळी खरवस. वाफवून निघालेल्या डब्यात वरून जायफळाची पूड छान पसरलेली दिसत होती. मावशींनी डबा ताटात पालथा घातला, बुडावर दोन थापा मारल्या आणि खरवस सबंध बाहेर आला. वर जायफळाचा कणही नाही.

"जायफळ कुठे गेलं?" मी विचारलं.

"खाली गेलं की! डबा उलटा न्हाई का केला? एवडं शिकलीस आन् ह्ये न्हाई कळत?"

घास तसाच हातात राहिला. मागच्या खेपेला पुण्यात मी आणि नानांनी चिखलाचा डबा परातीत अगदी असाच पालथा घातला होता, बुडावर थापासुद्धा मारल्या होत्या. वरचं गवत आधीच कापून टाकलेलं, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच काळ्या. परातीत वर आलेला थर मी नवा धरला. तो सगळ्यांत जुना होता!

सकाळी लवणीत पुन्हा डबाभर चिखल कापला आणि होता तसाच, वरचं अंग वर ठेवून डब्यात बसवला. या वेळी वरचं अंग कुठलं ते विसरू नये म्हणून मावशींनी डब्याच्या वरच्या काठाला कुंकू लावलं. "आता ह्येला नमस्कार कर, म्हंजी उलटा न्हाई व्हनार." अंगणात थर वेगवेगळे धुतले. तळाच्या थरात सगळे लव्हाळ्यावरचे भुंगेरे. पोहणारे फक्त वर.

मी तशीच आबांकडे गेले. मावशीही आल्या, कारण त्यांना मजा बघायची होती.

"म्हंजी तळं न्हवतंच?" आबांनी विचारलं.

"होतं, आबा. पण मागाहून, कुणी बांध घातला असेल तेव्हा. मूळचा लव्हाळाच. तो काळा चिखल पाणी धरतो, त्याच्याखाली नुसता मुरूम आहे. चिखल उपसलात तर पाणी मुरून जाईल आणि उताराखाली गाव पाणी भरतं तो झरा आटेल, असं मला वाटतं. वरचा गाळ काढा, पण काळ्याला हात लावू नका."

मावशींची मजा तिथेच संपली. "झरा आटल्यावं मी पाणी कुटनं भरू? हिच्या राकेलाच्या बाटलीत?"

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "समद्यांम्होरं वाचलंय मी. आता मागं घ्यायचं तर तुमी सोता या. बीजेला देवळात बैठक हाय."

"मी सविस्तर लिहून देते ना!"

"लिवून दिल्यानंच तर ह्ये झालंय, ताई!"

परतताना लोणावळ्याची एसटी मिळाली. स्टेशनाजवळ शेंगदाण्याची चिक्की घेतली आणि फलाटावर बसून भाषणाचा सराव केला. वर्गात उभं राहून बोलायची सवय मला कधी लागलीच नाही. घरी नाना समोर बसायचे आणि मीही बसायचे. "ग्रामस्थहो" म्हणताना चिक्की दाढेत अडकली. जवळचा हमाल म्हणाला, "बाई, गाडी हितं थांबतीच. तिला हाका नका मारू."

घरी नानांनी सगळं ऐकलं. "डब्याचं दुसरं टोक मी धरलं होतं, तेव्हा अर्धी चूक माझी. अर्धं भाषण मात्र मी करणार नाही."

टेबलावर भिंगाखाली तळाच्या थरातला एक हिरवा पंख ठेवलाय. लव्हाळा तिथला घुसखोर नाही, मूळ रहिवासी आहे, याचा माझ्याजवळचा साक्षीदार एवढाच. त्याला बोलता येत नाही आणि मला बोलायची भीती वाटते. पण अक्षय तृतीया गुरुवारी आहे. वैशाख शुद्ध द्वितीयेला, येत्या बुधवारी, सकाळच्या पॅसेंजरनं मी जाणार, आणि देवळात उभी राहून बोलणार.